शंकासमाधान : मरियेला आईचा चेहरा

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. चित्रकला कुठं शिकले नाही. आई गेल्यानंतर दर रविवारी दुपारी वॉटरकलर घेऊन बसू लागले. मरियामातेचं चित्र काढलं. लाल लुगडं नेसून ती ओट्यावर तांदूळ पाखडते आहे, बाळ येशू सुपातले दाणे ओढतो आहे. काढता काढता तिला माझ्या आईचा चेहरा आला. काका म्हणाले, ‘हा देवमातेचा अपमान आहे, शिवाय दहा आज्ञांत मूर्ती करू नका असं लिहिलंय.’ मी पाप केलं का? पापनिवेदनात हे सांगावं का?

उत्तर : ताई, तुम्ही पत्रासोबत चित्राचा फोटो पाठवलात, हे बरं झालं. मी तो बराच वेळ पाहत होतो. सुपाची एक कड मेथी आणि कागदाच्या लगद्यानं लिंपलेली आहे, आणि तेवढाच भाग रंगवायला दोन रविवार गेले, असं तुम्ही लिहिलंय. ते सूप तुमच्या आईचं. दोन रविवार एका लिंपलेल्या कडेकडे बघत बसणं, याला मी तरी प्रार्थनाच म्हणेन.

आधी आज्ञेचं बघू. निर्गमच्या विसाव्या अध्यायात मनाई आहे ती मूर्ती करून तिला देव मानण्याची. त्याच ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देव आपल्या आत्म्यानं भरतो, ते सोनं, चांदी, लाकूड घडवण्यासाठी. कराराच्या कोशावर करूबांच्या आकृतीही देवाच्याच सांगण्यावरून झाल्या. पुढं यावरून चर्चमध्ये मोठं वादळ उठलं आणि 787 साली निसियाच्या दुसऱ्या धर्मसभेनं निर्णय दिला : प्रतिमेला दिलेला मान ज्याची ती प्रतिमा आहे त्याला पोचतो. काकांची भीती खोटी नाही, पण तिला उत्तर मिळून बाराशेहून अधिक वर्षं झाली.

आता चेहऱ्याचं. येशू दिसायला कसा होता, मरिया कशी होती, याबद्दल चारही शुभवर्तमानांत एक ओळ नाही. आपण ज्या गोऱ्या, निळ्या झग्यातल्या मरियेला ‘खरी’ समजतो, ती युरोपातल्या चित्रकारांनी आपल्या गावच्या बायका पाहून काढलेली आहे. त्यांनी चूक केली नाही. मग तुम्ही कशी केली?

अँजेलो द फोन्सेका यांची गोष्ट तुम्हाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. जन्म 1902, गोव्याचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले आणि साडीतली मरिया काढू लागले. गोव्यात त्यांच्या वाट्याला टीकाच आली. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले, तिथं राहून वर्षानुवर्षं काढत राहिले. 1967 साली ते वारले. त्याआधी चारच वर्षं, 1963 मध्ये, व्हॅटिकन धर्मसभेनं उपासनेवरच्या दस्तऐवजात लिहून टाकलं की चर्चनं कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून कधी ठरवलेली नाही.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूनं थोडा उभा राहीन. चित्र घरात असणं वेगळं आणि वेदीवर असणं वेगळं. चर्चमध्ये लावायचं मनात आलं तर आधी फादरांना विचारा, कारण तिथं ते सगळ्यांच्या प्रार्थनेचं होतं आणि तुमच्या आईला ओळखणारे तिथं थोडेच असतील. आणि रविवारच्या चित्रापायी मिस्सा चुकू देऊ नका.

आईचा चेहरा पुसू नका. फक्त पुढच्या रविवारी ब्रश उचलण्याआधी लूकच्या दुसऱ्या अध्यायातला मेंढपाळांचा प्रसंग वाचा. मेंढपाळ येऊन जातात आणि मरिया सगळं मनात साठवून ठेवते, एवढंच तिथं आहे. मग चित्राकडे बघा. आईची आठवण तुम्हाला मरियेपर्यंत नेते, की आईपाशीच थांबवते? थांबवत असेल तरी ते पाप नव्हे, दुःख आहे. त्याला वेळ लागतो. पुढचं चित्र कदाचित वेगळं येईल.

पापनिवेदनात सांगण्यासारखं यात काही नाही. काकांना चित्र पुन्हा एकदा दाखवा, आणि या खेपेला ते सूप कुणाचं आहे तेही सांगा.