जुनं देऊळ कुणाचं?

यवतमाळ जिल्ह्यात अनेक गावांत हेमाडपंती देवळं आहेत. चुना न वापरता दगडात दगड अडकवून रचलेली. भिंत उभी असते ती स्वतःच्या वजनावर. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. तो तेराव्या शतकातला. आता यातल्या काही देवळांना ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्यात टाइल्स बसतात. शहरातून फोटो काढायला आलेला माणूस हळहळतो. मला त्या हळहळीचा थोडा रागच येतो. तो एकदा येतो. गाव रोज दिवा लावतं. वर्गणीही गावानंच प्रेमानं काढलेली असते. मग गावाला चुकीचं ठरवणारे आपण कोण?

इंग्लंडमध्ये हा वाद दीडशे वर्षांपूर्वी पेटला होता. तिथल्या खेड्यातलं लहानसं चर्च सहसा एका काळाचं नसतंच. भिंत बाराव्या शतकातली, मनोरा पंधराव्या, बाकं त्याहून नंतरची. एकोणिसाव्या शतकात ‘मूळ रूप’ आणायच्या उत्साहात लोकांनी कित्येक चर्चचे जुने गिलावे खरवडले, नंतरच्या खिडक्या उपटल्या. हे सगळं श्रद्धेनंच. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसनं १८७७ साली संस्था काढली. तिचं म्हणणं साधं: डागडुजी करा, कायापालट नको.

डागडुजी कशी असते? एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या चर्चच्या भिंती ओकच्या उभ्या ओंडक्यांच्या आहेत, सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या. एकोणिसाव्या शतकात त्यांचे कुजलेले बुंधे कापून खाली विटांचा आधार दिला. विटा आजही विटाच दिसतात. कुठे हात लागला, ते लपलेलं नाही.

मला वाटतं, देऊळ भाविकांचंच. पण भाविक म्हणजे फक्त आजचे नव्हेत. शंभर वर्षांनी पायरीवर डोकं टेकणाराही त्यांत आला, आणि त्याला बैठकीत बोलता येत नाही. म्हणून प्रश्न सुंदर-कुरूपाचा नाही. आपण केलेलं पुढच्याला काढता येईल का, एवढाच आहे. पत्र्याचा मांडव काढता येतो, विजेची तारही. सिमेंटनं चिकटवलेली टाइल काढताना मात्र खालचं कोरीवकाम फुटतं.

तुमच्या गावात जीर्णोद्धाराची बैठक असेल तर जा. आधी वर्गणी द्या, मग हा प्रश्न विचारा.