आउट्रम आणि बडोद्याची खटपट

लाच घेऊ नये, हे आपण शब्बाथशाळेतील मुलांना सहज शिकवितो. परंतु लाच घेणारा आपल्याच कचेरीतला असेल तर?

१८४७ साली जेम्स आउट्रम हा सेनाधिकारी रेसिडेंट म्हणून बडोद्यास आला. (खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा तो हाच.) पैसे चारले की मुंबई सरकारात वाटेल ते काम होते, असा तेथे समज होता. १८५१ साली त्याने याविषयी अहवाल लिहिला व त्यात ‘खटपट’ हा आपला शब्दच वापरला. वरिष्ठांना ते झोंबले. त्याला बडोदे सोडावे लागले. १८५४ साली लॉर्ड डलहौसीने त्याला परत तेथेच पाठविले.

त्याचा निःस्वार्थीपणा निर्विवाद आहे. सिंध घेणे त्याला अन्यायाचे वाटले, म्हणून त्या लुटीतील आपला सुमारे ३,००० पौंडांचा वाटा त्याने धर्मादाय देऊन टाकला. १८५७ साली लखनौच्या वाटेवर, स्वतः वरिष्ठ असून, सेनापतिपद त्याने हॅवलॉककडे राहू दिले. १८६३ साली तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरले.

पण मधले एक पान आपण उलटून जाऊ नये. अयोध्येच्या नवाबाचा कारभार बिघडला आहे, असा अहवाल त्यानेच दिला होता, व तो खोटा नव्हता. मात्र बडोद्यात ज्याला घरचे मुसळ दिसले, त्याला लखनौत कंपनीचा लोभ दिसला नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये राज्य सोडून देण्याचा करार त्याने वाजिद अली शाहपुढे ठेवला. नवाबाने सही केली नाही. त्याने डोक्यावरची पगडी काढली व आउट्रमच्या हाती दिली.