बिल्ला आणि गाठ

चांगले काम बिल्ल्यासाठी केले तर ते चांगले राहते का? प्रश्न साधा दिसतो, पण गेली काही वर्षे तो माझा पिच्छा सोडत नाही. नाशिकच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना मी मुलांचे स्काऊट पथकही चालवतो. एखादा मुलगा म्हाताऱ्या शेजारणीचे रेशन जिन्यावरून वर नेऊन देतो आणि दुसऱ्या दिवशी वही पुढे करून म्हणतो, 'सर, सही.' मी सही करतो. पण मनात येते, या मुलाने खिदमत केली की सौदा?

ज्यांना स्काऊटची व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहा वर्षांपुढचा मुलगा पथकात येतो. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला कामे ठरलेली, कामांची नोंदवही ठरलेली आणि काम पुरे झाले की बाहीवर किंवा छातीवर लावायचा बिल्ला ठरलेला. शिडी फक्त मुलांनाच नाही. पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसालाही बेसिक, ॲडव्हान्स आणि हिमालय वूड बॅज असे टप्पे चढावे लागतात. शेवटच्या टप्प्यानंतर गळ्यात लाकडाचे दोन मणी येतात. म्हणजे सेवा शिकवणारी ही चळवळ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बक्षिसांनी भरलेली आहे.

आपल्या घरांमध्ये या गोष्टीकडे संशयाने पाहिले जाते आणि त्याला कारण आहे. अमलाची किंमत नीयतीवर ठरते, ही शिकवण देणारी हदीस सहीह बुखारीच्या अगदी सुरुवातीला आहे. दिखाव्यासाठी केलेल्या नेकीला आपण 'रिया' म्हणतो आणि ती नेकीला वाळवीसारखी खाते असे मानतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, इतकी गुप्तता दानात असावी हेही आपण ऐकत आलो आहोत. अशा घरातला मुलगा छातीवर सेवेचे बिल्ले मिरवत येतो तेव्हा आजोबांच्या कपाळावर आठी पडली तर नवल नाही. त्यात स्काऊट एकमेकांशी हस्तांदोलन करतात ते डाव्या हाताने. एका पालकांनी मला यावरूनच हटकले होते. मी त्यांना सांगितले की, यामागे आफ्रिकेतल्या योद्ध्यांची कथा सांगितली जाते. ढाल डाव्या हातात असते. समोरच्यावर भरवसा असेल तरच माणूस ती खाली ठेवून तो हात पुढे करतो. ते हसले, पण पुढे म्हणाले, 'ढाल ठेवली हे ठीक, पण बिल्ला का ठेवत नाही?' त्यांचा प्रश्न खरा होता.

बी.एड.ला आम्हाला प्रबलन शिकवले जाते. इष्ट वर्तनाला लगेच बक्षीस दिले की ते वर्तन दृढ होते. वर्गात याचा अनुभव रोज येतो. पण याच विषयात 1973 सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायची आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढलेत तर सुंदर प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. थोड्या दिवसांनी पाहिले तर प्रमाणपत्राचे वचन देऊन बसवलेली मुले मोकळ्या वेळात पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली होती. बाकीच्यांची आवड टिकून होती. बक्षीस वाईट नव्हते. त्याचे आधी दिलेले आमिष वाईट ठरले. मुलाला वाटू लागले की, ज्याला लाच द्यावी लागते ते काम मुळात गोड नसणार.

म्हणजे आजोबा बरोबर आणि बिल्ले फेकून द्यावेत? इतक्या घाईने निकाल देता येत नाही. शुद्ध नीयत घेऊन कुणी जन्माला येत नाही. इमाम गजालींनी 'एहया उल उलूम'मध्ये स्वभाव घडवण्याचा विचार मांडला आहे. त्याचा मथितार्थ असा की, ज्याला दानशूर व्हायचे आहे त्याने आधी हाताला द्यायची सवय लावावी. सुरुवातीला ते ओढूनताणून होईल, पण करता करता तो स्वभाव होतो. सवय हातातून हृदयात उतरते. आपण घरी हेच करतो. मूल पहिला रोजा ठेवते तेव्हा रोजाकुशाईचा थाट होतो. गळ्यात हार, नवे कपडे, नातेवाइकांकडून भेटी. त्या मुलाने हारासाठी रोजा ठेवला नाही असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल? तरी त्याला आपण रिया म्हणत नाही. पुढच्या वर्षी हार नसतो आणि रोजा असतो, एवढीच आपली अपेक्षा. बिल्ल्याचेही तसेच आहे. तो सुरुवातीचा हार आहे. प्रश्न एवढाच की, हार गळून पडायची काही सोय या व्यवस्थेत आहे का?

सोय आहे, आणि ती बिल्ल्याहून जुनी वाटावी इतकी साधी आहे. लॉर्ड बेडन पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचा पहिला तळ भरवला. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती आणि कामगारांचीही होती. पुढच्या वर्षी त्यांनी मुलांसाठी स्काऊटचे पुस्तक लिहिले. रोज एक तरी सत्कृत्य करावे हा नियम त्यात आला आणि तो विसरू नये म्हणून एक युक्तीही आली. गळ्यातल्या रुमालाला एक गाठ मारून ठेवायची. दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगी पडलो की ती सोडायची.

आमच्या पथकात हे मी चालू केले तेव्हा मुलांना गंमत वाटली. मला मात्र त्यात बिल्ल्याच्या नेमके उलटे काहीतरी दिसले. बिल्ला सांगतो, मी केले. गाठ सांगते, माझ्याकडून अजून व्हायचे आहे. बिल्ला काम झाल्यावर येतो आणि राहतो. गाठ कामाआधी येते आणि काम झाले की तिचा मागमूस उरत नाही. संध्याकाळी ज्याच्या रुमालाला गाठ नाही, त्याने आज कुणाला मदत केली हे कुणालाच कळत नाही. बिल्ला जमेच्या बाजूला लिहिला जातो, गाठ देण्याच्या बाजूला. आपल्याकडे हुकूकुल इबाद म्हणतात ते हेच नव्हे काय? शेजाऱ्याचा, वाटसरूचा, आजाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे. तो चुकता केला तर आपण उपकार केले नाहीत, देणे फेडले. देणे फेडल्याचा बिल्ला कुणी लावत नाही.

बिल्ल्याचा मोह एकट्या मुलाला होतो असे नाही. समाजालाही तो होतो आणि कधी कधी समाजावर तो लादला जातो. स्काऊट चळवळ भारतात 1909 मध्ये आली तेव्हा ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदुस्थानी मुलांना शिस्त आणि संघटन शिकवणे सरकारला जोखमीचे वाटत होते. ज्यांच्या निष्ठेची खात्री नाही त्यांना सेवेचा गणवेशही द्यायचा नाही, असा तो हिशेब. आपल्या लोकांनी दार उघडण्याची वाट पाहिली नाही. मद्रासेत ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी वेगळी स्काऊट संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना 1918 मध्ये उभी केली. त्या सेवा समितीचे मूळ काम मेळ्यातल्या यात्रेकरूंची मदत हेच होते. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एक व्हाव्यात यासाठी नेहरूंबरोबर शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनीही प्रयत्न केले आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली.

मेळ्याचा विषय निघाला की नाशिककराला सिंहस्थ आठवतो. 27 ऑगस्ट 2003 रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. गर्दीत वाट दाखवणारे दहा हात जास्त असते तर काय झाले असते, हा विचार या गावात राहणाऱ्या माणसाला सोडत नाही. 2027 च्या सिंहस्थाची चर्चा सुरू झाल्यापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीतही एक वाद रंगतो. उर्दू शाळेच्या मुलांनी स्कार्फ बांधून गोदाकाठी उभे राहावे का?

एक बाजू म्हणते, आपला काय संबंध? त्यांची यात्रा, त्यांचे स्नान. दुसरी बाजू म्हणते, जरूर उभे राहावे, वर्तमानपत्रात फोटो येईल, आपल्याबद्दलचे गैरसमज दूर होतील. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या बाजूची जास्त काळजी वाटते. पहिली चूक उघड आहे. दुसरी नेकीचा पोशाख घालून येते.

पहिल्या बाजूला माझे उत्तर मीनाचे आहे. हजच्या दिवसांत सौदी अरेबियाचे स्काऊट मीनाच्या तंबूंमध्ये नकाशे घेऊन फिरतात आणि वाट चुकलेल्या हाजींना त्यांच्या तंबूपर्यंत पोहोचवतात. एकसारख्या हजारो तंबूंमध्ये आपला तंबू हरवलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा कसा होतो, हे आपल्यातले अनेक जण पाहून आले आहेत. पंचवटीत नातेवाइकांपासून तुटलेल्या आजीचा चेहरा त्याहून वेगळा नसतो. तिला हात धरून चौकीपर्यंत नेण्यात कुणाचा अकीदा बदलत नाही. खिदमत आणि इबादत यांच्यात रेघ आहे. ती मुलांना दाखवता येते आणि मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर कळते. खुद्द स्काऊटच्या वचनातही ही जागा राखलेली आहे. ईश्वराप्रती कर्तव्य असे म्हणताना ज्याला हवे त्याने 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणावे अशी मुभा आहे. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेवर उभे राहून दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

दुसऱ्या बाजूला उत्तर देणे अवघड आहे, कारण तिच्यामागे जखम आहे. निष्ठेचा दाखला सतत मागितला जातो, म्हणून आपणही दाखले जमवत राहतो. सणासुदीला पाणी वाटले की फोटो, रक्तदान केले की फ्लेक्स. हे का होते ते मी समजू शकतो. पण बारा वर्षांच्या मुलाला मी 'समाजाची प्रतिमा सुधारायला' गोदाकाठी उभे केले, तर त्याला काय शिकवले? त्याला शिकवले की, हरवलेली आजी हे साधन आहे आणि कॅमेरा हे फळ आहे. फोटो आला नाही, बातमी छापली नाही, शंका घेणाऱ्याने शंका सोडली नाही, की पुढच्या वेळी तो जाणार नाही. प्रयोगातल्या चित्रे काढणाऱ्या मुलांसारखे त्याचे होईल. शिवाय दाखला देत राहिले की दाखला मागण्याचा हक्क आपण मान्य केल्यासारखे होते. गोदेला पूर येतो आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पोहोचते, तेव्हा काठावरचा मुलगा शेजाऱ्याचे सामान उचलताना कुणाला काही सिद्ध करत नसतो. शहर त्याचे असते म्हणून तो धावतो. मुलांनी मेळ्यातही याच भावनेने जावे. रुमालाला गाठ बांधून जावे, सोडून यावे.

आता मोठ्या माणसाकडे वळू. पथक चालवणाऱ्याला लोक विचारतात, 'भत्ता किती मिळतो?' काही मिळत नाही म्हटले की, 'मग रविवार का घालवता?' शाळेत हे काम बहुतेकदा मुख्याध्यापकांच्या आदेशाने गळ्यात पडते. स्वतःहून कुणी मागत नाही. तेव्हा 'स्वयंसेवा' हा शब्द वापरतानाही हसू येते. पण मला वाटते, काम कसे आले यावरून नीयत ठरत नाही, पुढे त्याचे काय केले यावरून ठरते.

मोठ्यांची रिया मुलांपेक्षा चोरपावलांनी येते. स्काऊटमध्ये 'खरी कमाई' नावाचा सुंदर उपक्रम आहे. मुलांनी श्रम करून चार पैसे मिळवायचे आणि घामाच्या पैशाची किंमत ओळखायची. आपल्या भाषेत हलाल कमाईचा पहिला धडा. पण आपल्या पथकाचा आकडा मोठा दिसावा म्हणून मोठ्यांनी बाजारातून तयार समोसे आणून मुलांच्या टेबलावर मांडले, तर कमाई वाढते आणि 'खरी' हा शब्द निघून जातो. चामरलेणीला सहलीला गेल्यावर मुलांची चूल पेटत नाही, धूर होतो, खिचडी खाली लागते. मास्तरांचा हात सारखा पुढे सरसावतो. तो आवरणे हीच मास्तरांची खरी परीक्षा. स्काऊटची रचनाच अशी आहे की, सहा-आठ मुलांचा संघ आणि त्यांचा संघनायक त्यांच्यातलाच. मोठ्याने शिकवायचे, धोका असेल तिथे जवळ राहायचे आणि बाकी वेळी एक पाऊल मागे सरायचे. ज्या दिवशी पथक त्याच्या शिट्टीशिवाय रांगेत उभे राहते, त्या दिवशी त्याची गाठ सुटली. त्याचे नाव कुणी घेतले नाही तरी चालते.

मी मुलांच्या वह्यांवर अजूनही सही करतो आणि बिल्लेही देतो. ते मुलाचे आहेत, त्याच्या वयाचे आहेत. पण गाठ बांधायला मी सांगत नाही आणि सुटली का ते विचारतही नाही. ती त्याची आणि त्याच्या रबची बाब आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये हुन्नर असलेल्या माणसांची कमी नाही. शिवणकाम येणारे आहेत, वीजजोडणी येणारे आहेत, दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या परिचारिका आहेत, पोहणारे आहेत. कुठल्याही शाळेच्या पथकाला महिन्यातला एक रविवार यांच्यापैकी कुणाचाही हवा आहे. येताना फ्लेक्सचा खर्च करू नये. तेवढ्या पैशात प्रथमोपचाराची पेटी भरते.