बरं झालं, हे कोण म्हणतंय?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना आपण लाव्हाच्या थरांमधून खाली जात असतो. या थरांना भूशास्त्रज्ञांनी नावंही इथलीच दिलीत: वर महाबळेश्वर, मग आंबेनळी, त्याखाली पोलादपूर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले, ती वेळ यांत नेमकी कुठे येते यावर २०१९मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले आणि त्यांचं जुळलं नाही. एकाच्या मते पोलादपूरचा बराचसा लाव्हा त्याआधीचा, दुसऱ्याच्या मते नंतरचा. वरचे दोन थर मात्र दोघांच्याही हिशेबात नंतरचे. म्हणजे महाबळेश्वरची बाजारपेठ ज्या कातळावर आहे, त्याने डायनासोर पाहिलेलेच नाहीत.

आपल्याकडचा शिंगवाला डायनासोर म्हणजे राजासॉरस. मांसाहारी, कपाळावर एकच बुटकं शिंग. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला त्याची हाडं मिळाली, नाव २००३मध्ये पडलं. त्याची जमात लाव्हाने संपवली की मेक्सिकोत पडलेल्या अशनीने, हा वाद चालू राहील. दोषी मात्र कुणीच नाही. लाव्हाला कुठे निवड होती?

इथवर ठीक. पण पुढे हमखास एक वाक्य येतं: ते गेले म्हणून सस्तन प्राण्यांना जागा झाली, म्हणून आपण आहोत, म्हणजे बरंच झालं. यातलं शेवटचं 'म्हणजे' मला खटकतं. आधीचं सगळं कार्यकारण आहे. हा निवाडा आहे, आणि तो देणारा स्वतःच लाभार्थी. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की अहवालात कारण वेगळं लिहितात, नुकसान वेगळं. चूक कुणाचीच नसली, त्यातून पुढे चांगली सिस्टीम उभी राहिली, तरी नुकसानाचा रकाना कोरा ठेवत नाहीत.

राजासॉरसला आपल्या निवाड्याने काही फरक पडत नाही, हे खरंच. पण हीच सवय तापोळ्याला शिवसागराच्या काठी उभं राहिल्यावरही सुटत नाही. कोयना महाबळेश्वरातच उगम पावते. तिच्यावर धरण झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, राज्याला वीज मिळाली. बोटीत बसून 'विकास व्हायचा तर एवढं चालायचंच' म्हणणारे आपण बहुतेक वीज वापरणारेच असतो. शिवाय इथे लाव्हा नव्हता. ठरवणारी माणसं होती, कागद होते, आणि उठलेल्यांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाची प्रकरणं पुढे कित्येक दशकं रेंगाळली.