चरणारी मेंढरे आणि पाहणाऱ्याची दृष्टी

चरणाऱ्या मेंढरांचे चित्र पाहून लाभणारी शांती निर्दोष असते काय? झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या दोन चित्रांवरून हा प्रश्न तपासता येतो. १८५७ च्या पॅरिसमधील सालाँ प्रदर्शनात त्याने कापणीनंतर उरलेली कणसे वेचणाऱ्या तीन स्त्रिया मांडल्या, तेव्हा काही समीक्षकांना त्यांच्या वाकलेल्या पाठींत बंडाची चाहूल लागली. १८६४ मध्ये तेथेच त्याने मेंढ्या राखणारी मुलगी दाखविली आणि तिचे कौतुक झाले. बार्बिझाँजवळचे सपाट रान दोन्हींत तेच. परंतु पहिल्या चित्रात दूरवर धान्याच्या गंजी व घोड्यावरचा मुकादम दिसतो. दुसऱ्यात त्यांच्या जागी कळप आहे. धनी दृष्टिआड झाला की दारिद्र्य निसर्गाचाच भाग वाटू लागते, आणि निसर्गाला कोणी जाब विचारीत नाही.

मात्र यासाठी मिलेला दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्याची मुलगी मावळतीची शोभा पाहत नाही. मान खाली घालून ती विणीत उभी आहे. कळप राखतानाही तिच्या हातांना उसंत नाही. श्रमाची ही खूण चित्राने लपविलेली नाही. शांतीच्या ओढीने आपणच ती ओलांडून जातो. दोष सौंदर्याचा नव्हे, अर्धेच पाहून तृप्त होणाऱ्या दृष्टीचा आहे.