खानदेशात ऑपरेटिंग सिस्टीम खपवायची तर

ऑपरेटिंग सिस्टीम ही जाहिरातीला अवघड वस्तू आहे, कारण ती घ्यायला म्हणून कोणी बाजारात जात नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गिऱ्हाईक लॅपटॉप मागते, प्रिंटरची शाई मागते. विंडोज यंत्राबरोबर आलेली असते, नाहीतर दुकानदाराने ‘मारून’ दिलेली असते. वर्षभराने यंत्र रखडू लागले की तेच गिऱ्हाईक ते पिशवीत घालून परत येते आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणते. आत काय टाकायचे हे ते सांगत नाही. ते काउंटरमागचा मुलगा ठरवतो. जाहिरातीच्या कल्पना लढवायला बसणाऱ्यांच्या ध्यानात हा मुलगा क्वचितच येतो.

कल्पना लढवण्याच्या बैठकीची पद्धतच एका जाहिरातवाल्याने रूढ केली. बीबीडीओ या अमेरिकी जाहिरातसंस्थेतील अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी 1940 आणि 1950च्या दशकांतील पुस्तकांतून तिचे नियम मांडले: सुचेल ते बोला, टीका मागाहून करा, आधी संख्या वाढवा. येल विद्यापीठात 1958 साली या पद्धतीची पारख झाली, तेव्हा एकेकटे बसून विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या तेवढ्याच माणसांच्या गटापेक्षा जास्त भरल्या. ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत बैठकीत आणखी एक खोट असते. तिथे जमलेले सगळे त्या प्रणालीच्या प्रेमात असतात. त्यांना जे आवडते तेच घोषवाक्यात उतरते: स्वातंत्र्य, सुरक्षितता, खुला सोर्स कोड. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला यातले काहीही अडलेले नसते.

जगातल्या गाजलेल्या मोहिमांकडे पाहिले तरी हेच दिसते. 24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बाजारात आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर तिच्या रंगांची रोषणाई झाली आणि जाहिरातीत रोलिंग स्टोन्सचे गाणे वाजले. लक्षात राहिला तो थाट, पण काम केले ते स्टार्ट बटणाने. डॉसच्या आज्ञा पाठ करून थकलेल्या माणसाला सुरुवात कुठून करायची हे दिसले आणि गाण्याचे बोलही त्याच बटणाकडे बोट दाखवत होते. त्याच सुमारास आयबीएमने ओएस/2 वॉर्पसाठी आपसात कुजबुजणाऱ्या जोगिणींची जाहिरात केली. ती गमतीदार होती, प्रणालीही कसदार होती. परंतु तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम थोडे होते आणि ती आधीच भरलेली यंत्रेही दुकानांत फारशी नव्हती. जाहिरात लोकांच्या स्मरणात राहिली, वॉर्प मागे पडली.

लिनक्स ही खुल्या सोर्स कोडची प्रणाली खपवू पाहणाऱ्यांच्या बैठकीत पहिली सुचणारी कल्पना म्हणजे ‘फुकट’. खानदेशात ती निरुपयोगी आहे. बिनपरवान्याची विंडोजही दुकानात फुकटच मिळते. गिऱ्हाईक देते ती टाकण्याची मजुरी, आणि ती लिनक्सलाही तेवढीच पडते. खुद्द मायक्रोसॉफ्टलाही हा अनुभव टाळता आला नाही. 2005मध्ये कंपनीने भारतात विंडोज एक्सपीची हिंदी स्टार्टर आवृत्ती स्वस्तात आणली. तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडत. पूर्ण विंडोज शेजारच्या गाळ्यात मजुरीच्या पैशांत मिळत असताना ही अपुरी विंडोज कोण घेणार?

विंडोजची महाराष्ट्रातली सर्वांत प्रभावी जाहिरात जाहिरात म्हणून कधी झालीच नाही. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत उघडले. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागते म्हटल्यावर चोपडा, पारोळा, शिरपूर, साक्री इथल्या मुलामुलींनी फी भरून जे शिकून घेतले, ते विंडोज आणि एमएस-ऑफिस होते. बोटांना लागलेली सवय कोणत्याही फलकापेक्षा पक्की असते. केरळने शाळांत उलटी वाट धरली; आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पाने तिथल्या मुलांचे हात लिनक्सवर बसवले. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 2007मध्ये भारतीय भाषांची सोय असलेली बॉस लिनक्स आणली, पण तिच्यामागे असा घरोघर पोचणारा वर्ग उभा राहिला नाही. चांगली प्रणाली नुसती ठेवून दिली की लोक आपण होऊन येतील, हा सरकारी संस्थांचा समज जुनाच आहे.

नव्या वस्तूची सवय कशी लावायची याचा धडा जळगाव जिल्ह्यातल्याच एका धंद्यात सापडतो. डिसेंबर 1945 मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप आणि पुढे ‘787’ नावाचा साबण करणारी हीच कंपनी विप्रो झाली आणि 1980च्या दशकात संगणक बनवू लागली. वनस्पती तुपाचा धंदा सुरू झाला तेव्हा अडचण किमतीची नव्हती, अविश्वासाची होती. घरातल्या साजूक तुपाशी त्याची तुलना होई. त्या धंद्यातल्या डालडाने 1930च्या दशकाच्या अखेरीस डब्याच्या आकाराची गाडी फिरवली आणि लोकांसमोर पदार्थ तळून चाखायला दिले. लिनक्सला असा घास देणे तर फारच सोपे आहे. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले की आतल्या विंडोजला धक्का न लावता प्रणाली चालवून पाहता येते. उबुंटू या लिनक्सच्या एका वितरणाने (तयार आवृत्तीने) 2005पासून काही वर्षे अशा सीडी टपालाने फुकट घरपोच पाठवल्या. सीडी आली, पण ती लावून दाखवणारे कोणी आले नाही. डालडाच्या गाडीबरोबर आचारी होता.

दाखवायचे ते कोणाला, हा पुढचा प्रश्न. जळगावच्या दाणाबाजारात गेल्यास पहिला सवाल येईल, ‘टॅली चालते का?’ टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. आडमार्गाने ती चालवता येते, पण 2017च्या जुलैत जीएसटी आल्यापासून विवरणपत्राच्या तारखेला धास्तावलेल्या व्यापाऱ्याला आडमार्ग सांगणे म्हणजे त्याला कायमचे गमावणे. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याचेही तसेच: श्रीलिपी, पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांत त्याची वर्षानुवर्षांची कामे अडकली आहेत. या दोघांना जाहिरातीतून वगळणे हाच प्रामाणिकपणा. उरतात शाळांच्या संगणकखोल्या, वाचनालये, विद्यार्थी आणि ज्यांचे काम ब्राउझरमध्येच संपते अशी घरे. त्यांच्यासाठी सध्या एक खरा मुद्दा आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित आधार संपला आणि विंडोज 11 टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांना आपल्या नियमांत बसवत नाही. धडधाकट चालणारे यंत्र केवळ यामुळे भंगारात का काढायचे, हे आठवीच्या मुलाच्या बापालाही समजते.

भाषेची कल्पना बैठकीत हमखास निघते: जाहिरात अहिराणीत करा. बोलायच्या जाहिरातीला, आकाशवाणीवर किंवा यूट्यूबवर, ती धुळ्यात आणि अमळनेरकडे शोभेल. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोलीचा कान आहे. तिथे तीच जाहिरात परक्या गावची वाटेल. छापील पत्रकाला साधी मराठी पुरे, फक्त त्यात गाळ्याचा क्रमांक आणि बिघडल्यावर येणाऱ्या माणसाचा फोन हवा. खानदेशात फ्रिज घेतानाही आधी ‘मेकॅनिक इथे मिळतो का’ हेच विचारतात.

तो माणूस म्हणजे पुन्हा काउंटरमागचा मुलगा, आणि खरी गाठ त्याच्या हिशेबात आहे. क्रॅक केलेली विंडोज व्हायरसने भरते, यंत्र काही महिन्यांनी परत येते, मजुरी पुन्हा मिळते. न बिघडणारी प्रणाली टाकली तर त्याचे गिऱ्हाईक कमी होते. त्याला तत्त्वज्ञान ऐकवून भागत नाही, बदली कमाई दाखवावी लागते. एखाद्या शाळेच्या वीस यंत्रांची वर्षभराची देखभाल ठरावीक रकमेवर त्याच्याकडे सोपवली की हिशेब उलटतो: यंत्र जितके कमी बिघडेल तितकी त्याची धावपळ वाचते आणि पैसे तेवढेच राहतात. म्हणून जाहिरातीचा पहिला खर्च फलकांवर न करता अशा मुलांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर आणि शाळांशी करायच्या देखभालीच्या करारांचा नमुना बनवण्यावर करणे शहाणपणाचे. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांमागे जाहिरातीला पैसा पुरवणारी कंपनी नसते, त्यामुळे हा खर्च एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने किंवा शिक्षणसंस्थेने स्वतःच्या संगणकखोलीपासून सुरू करावा लागेल.