शब्दावाचून प्रार्थना

स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रासाठी श्रद्धावान कॅथलिक संगीतकार जेम्स मॅकमिलन यांनी रचलेला आणि 1992 मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात एव्हलिन ग्लेनी यांनी प्रथम वाजविलेला 'वेनी, वेनी, इमॅन्युएल' हा तालवाद्यांचा कन्चेर्टो ऐकताना, जेथे एकही शब्द उच्चारला जात नाही तेथे प्रार्थना संभवते काय, हा प्रश्न मनाला घेरतो. संभवते, असे मी निःशंकपणे म्हणतो. कारण ख्रिस्तागमनाची वाट पाहणाऱ्या जुन्या स्तोत्राची धून त्यात सर्वत्र मुरलेली असून, हृदयस्पंदनाचा ठोका पुनःपुन्हा उमटत राहतो, आणि त्या प्रतीक्षेत परधर्मीय श्रोताही ओढला जातो. बालपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या ग्लेनी तर ते कंप सर्वांगाने ग्रहण करतात. श्रद्धेने मग कानांचा दाखला कशास मागावा? अखेरीस वृंदातील वादकही धातूची छोटी वाद्ये किणकिणवू लागतात आणि घंटानादात ईस्टर अवतरतो.